माझ्या पोटात मावलेले अस्वल

मी एक जुनी, हवा काढली की चपटी होणारी पिशवी आहे. दुकानात मला व्हॅक्यूम बॅग म्हणत. घरात मात्र एवढे लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. "ती चपटी द्या हो," एवढ्यावरच माझे बारसे उरकले. चपटी तर चपटी! मित्रांनो, ज्या घरात आपल्याला रोज हाक मारली जाते, तिथे हाकेच्या शब्दावरून रुसून बसू नये, असे माझे मत आहे.

आता माझी झिप झिजली आहे, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे आणि पूर्वी काचेसारखे स्वच्छ असलेले माझे अंग धुरकट झाले आहे. पण मी रडगाणे गायला बसलेली नाही. माझ्या वाट्याला जी माणसे आली, त्यांच्याविषयी बोलायचे आहे, आणि त्यांच्याविषयी बोलायचे तर थोडे स्वतःविषयीही बोलावे लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून लवचीक प्लास्टिक, आतून नायलॉनचा पातळ थर, तोंडाला दुहेरी झिप आणि अंगावर एक गोल झडप. झडपेच्या टोपणाखाली रबराचा एक छोटासा पडदा असतो. नळी लावून हवा ओढली की तो हवेला बाहेर जाऊ देतो, पण परत आत येऊ देत नाही. पडद्याची कड जरा उचलली तरच हवा आत शिरते. माझे सगळे शहाणपण त्या पडद्यात आहे. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी आमच्या पोटात उशा भरल्या, हवा काढली आणि आम्हाला फळीवर निजवले. दुसऱ्या दिवशी माझी शेजारीण टम्म फुगलेली निघाली, तिला बाजूला काढले. मी होते तशीच सपाट होते. बाईंनी माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान!" काही न करता पडून राहिल्याबद्दल शाबासकी मिळवणारी मी एकटीच असेन.

तिथून मी ताईंच्या घरी आले. ताई सोफ्याची आणि गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवत. रस्त्याला लागून असलेली त्यांची खोली म्हणजे एक शिलाई मशीन, कापडाचे तागे आणि भिंतीला टेकवलेल्या फोमच्या मोठमोठ्या शीट. ताई उंच, सडपातळ आणि बोलायला फटकळ. त्यांच्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, अगदी उलट. बुटक्या, गोल, सदा हसऱ्या, आणि एकदा बोलायला लागल्या की थांबायचे विसरणाऱ्या. त्या बालवाडीत शिकवत. या नणंद-भावजयीचे दिवसातून चार वेळा वाजे, आणि एकीला शिंक आली तरी दुसरी सुंठ शोधायला उठे.

एकदा वहिनींच्या बालवाडीसाठी ताईंनी उरलेल्या फोमचे आणि तपकिरी फरच्या कापडाचे एक अस्वल शिवले. आत माणूस शिरून चालू शकेल असे. वहिनी त्यात शिरल्या आणि बाहेर यायलाच तयार होईनात, इतके ते त्यांना मानवले. ती बातमी मुलांच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरांच्या कानावर गेली. त्यांनी बोलावले, या दोघी गेल्या, आणि मग दर पंधरवड्याला जाऊ लागल्या. खाटेवर पडून कंटाळलेली मुले अस्वलाची वाट बघू लागली.

अडचण होती ती बसची. अस्वलाचे पोट एवढे मोठे, की ते ना सीटखाली जाई, ना वरच्या फळीवर. एके दिवशी कंडक्टरने दारातच हात आडवा केला.

"हे सामान आहे की प्रवासी?"

"तुम्हाला काय वाटतं?" ताईंनी विचारले.

"सामान असेल तर आत मावत नाही. प्रवासी असेल तर तिकीट काढा आणि बसवा."

वहिनींनी काय करावे? तिथेच, भर स्टॉपवर, त्या अस्वलात शिरल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. शेजारचे आजोबा सगळा रस्ता अंग चोरून बसले होते. उतरल्यावर वहिनी बाहेर आल्या त्या डोक्यावर बादली ओतल्यासारख्या घामाने भिजून. त्याच संध्याकाळी ताईंनी मला विकत आणले.

पहिल्यांदा अस्वल माझ्या पोटात गेले आणि ताईंनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी माझ्या झडपेला लावली, तेव्हा वहिनींनी तोंड फिरवले.

"ताई, बंद करा हो. बघवत नाही मला."

"फोम आहे तो वहिनी, तुमचा मामा नाही."

बघता बघता ते एवढे थोरले पोट बसत बसत उशीएवढे झाले आणि साध्या सुटकेसमध्ये जाऊन बसले. ताईंनी सुटकेस बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. मग माझ्याकडे बघून त्या चक्क हसल्या. मला तेव्हा फार भारी वाटले.

मित्रांनो, माझी खोटी स्तुती मला आवडत नाही, म्हणून माझ्या मर्यादाही सांगते. वहिनींचे यजमान एकदा कामासाठी थंड देशात निघाले. त्यांनी मला मागून घेतले. स्वेटर, कोट, ब्लँकेट, जे दिसेल ते माझ्यात कोंबले आणि हवा काढून टाळी वाजवली. "बघा! तीन बॅगांचा संसार एका बॅगेत! आणि हलकाही झाला!" एवढीशी झालेली वस्तू हलकीही झाली असणार, हा त्यांचा हिशेब. विमानतळावरच्या काट्याला तो पटला नाही. काउंटरवरच्या बाईंनी गोड हसून सांगितले, "सर, थोडं सामान काढावं लागेल."

त्यांनी तिथेच, रांग खोळंबवून, माझी झिप उघडली. मी काय करणार? मी माझ्या स्वभावाप्रमाणे भसकन हवा घेतली. आतले सगळे स्वेटर वर आले आणि आता सुटकेस बंद होईना. शेवटी भर उन्हाळ्यात त्यांनी एकावर एक स्वेटर चढवले, वरून कोट घातला आणि लालबुंद होऊन विमानाकडे गेले. येताना पंप नव्हता, तेव्हा मला खाटेवर ठेवून ते स्वतः माझ्यावर बसले आणि खोलीतल्या सोबत्यालाही बसवले. घरी पोचल्यावर त्यांचे शर्ट बघून वहिनी म्हणाल्या, "अहो, हे घालून आलात की चावून आणलेत?" तेव्हा लक्षात ठेवा, मी जागा वाचवते, वजन वाचवत नाही. इस्त्रीचे कपडे मला देऊ नका. आणि जाताना माझी हवा कशी काढलीत यापेक्षा येताना कशी काढणार, याचा विचार आधी करा.

ओलेपणाचेही तसेच. एकदा धुतलेले अस्वल काखेत जरा ओलसर राहिले होते आणि तसेच माझ्यात बंद झाले. पुढच्या खेपेला वहिनी आत शिरल्या आणि आतून आवाज आला, "ताई, इथे काय मेलंय?" हवा बंद केली की मी सगळे जपते. ओलही जपते आणि वासही जपते. मला त्यातले बरे-वाईट कळत नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगते.

त्या दिवसांत नेम असा होता, की अस्वलाचे धड माझ्यात जाई आणि डोके वेगळ्या कापडी पिशवीतून वहिनींच्या मांडीवर. पण एका खेपेला वहिनींना मुलांसाठी रंगवलेल्या चित्रांची मोठी गुंडाळी न्यायची होती. आदल्या संध्याकाळी भरताभरता ताई म्हणाल्या, "डोकंही टाकू यातच."

"दबेल ना हो ते," वहिनी म्हणाल्या.

"सोफ्यावर दिवसभर माणसं बसतात. उठली की गादी येते ना वर? मग हे का नाही येणार? आयुष्य गेलं माझं फोममध्ये."

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दुसऱ्या कुणीही घाबरून डोके बाहेरच ठेवले असते. फोमवर एवढा भरवसा ताईंचाच. पण सोफ्याची गादी असते एका अखंड तुकड्याची. डोके होते लहान लहान तुकडे कापून, वळवून, गोंदाने चिकटवून केलेले. ते रात्रभर माझ्यात दबून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी बसच्या डिकीत चांगले तापले. माझ्या पोटात त्या गालाची घडी घट्ट बसत चालली होती. मला ते कळत होते, पण सांगणार कशी?

बस उशिरा पोचली. अस्वल एरवी ज्या सामानाच्या खोलीत हवा खात पडायचे, तिथे नव्या खाटा रचल्या होत्या आणि दाराला कुलूप होते. तेव्हा मला तशीच, न उघडता, वॉर्डात नेले. मोठ्या सिस्टरांनी दारातच जंतुनाशकाच्या कपड्याने मला पुसून काढले. त्यांच्या राज्यात आंघोळ केल्याशिवाय कुणालाच प्रवेश नसे.

दाराजवळच्या पहिल्याच खाटेवर एक मुलगी होती. असेल सातेक वर्षांची. सिस्टर तिला गोगलगाय म्हणत, कारण छातीच्या ऑपरेशननंतर ती एका कुशीवर अंग आकसून पडली होती आणि कुणी हात लावला की आणखी आकसत होती. ऑपरेशन चांगले झाले होते. पण मोठा श्वास घेतला की टाके दुखत, म्हणून ती श्वास घ्यायचीच चुकवाचुकवी करत होती. चिमणी पाणी पिते तसा एवढा एवढा श्वास. तिच्या आईच्या हातात प्लास्टिकचे एक छोटे यंत्र होते. त्यात तीन रंगीत गोळ्या असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. आदल्या दिवसापासून एकही गोळी हलली नव्हती.

सकाळी डॉक्टर आईला सांगून गेले होते. छाती अशीच बंद राहिली तर कफ साठेल, ताप चढेल, आणि मग श्वासासाठी पुन्हा नळी घालावी लागेल. ते त्यांनी हळू आवाजात सांगितले होते, पण मुलीने ऐकले होते. तेव्हापासून भीतीने तिचा श्वास आणखीच लहान झाला होता.

"घे ना गं राणी, एकदाच घे," आई म्हणत होती. "माझ्यासाठी घे."

मुलगी भिंतीकडे बघत होती.

वहिनी चित्रे लावायला वॉर्डाच्या पार पलीकडच्या टोकाला गेल्या. ताईंनी मला त्या खाटेच्या पायथ्याच्या टेबलावर ठेवले, झडपेचे टोपण काढले आणि पडद्याच्या कडेशी अंगठा नेला. त्या आवाजाने मुलीने मान वळवली. माझ्या पारदर्शक अंगातून तिला अस्वलाचे तोंड दिसले. नाक एका बाजूला वळलेले, एक डोळा कानाजवळ गेलेला, गाल प्लास्टिकला चिकटलेला.

"त्याला श्वास घेता येत नाहीये," ती म्हणाली.

आई दचकली. सकाळपासून मुलीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

तिथे वहिनी असत्या, तर त्यांनी लगेच एखादी गोष्ट रचली असती. ताईंना ते जमत नसे. त्या म्हणाल्या, "नाही येत. मी दाबून भरलंय त्याला."

"दुखतंय त्याला?"

"दुखत असेल."

"मग काढा ना!"

ती रागावली होती. रागाच्या भरात तिने चांगला मोठा श्वास ओढला आणि कळ येऊन तोंड वाकडे केले. नेमका त्याच वेळी ताईंचा अंगठा हलला, माझ्या पडद्याची कड उचलली गेली आणि सुंईऽ करून हवा आत आली. अस्वलाचा एक कान उभा राहिला.

मुलीने ते पाहिले. ताईंनी मुलीला पाहताना पाहिले. आणि मित्रांनो, ताईंचा अंगठा लगेच पडद्यावर परत आला.

मुलीने परीक्षा घ्यावी तसा एक छोटा श्वास घेतला. अंगठा केसभर उचलला गेला. अस्वलाचा फर नुसता शहारल्यासारखा हलला. मुलीने पुन्हा बघितले, अस्वलाकडे आणि मग ताईंकडे. ताई खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांचा या प्रकरणाशी काही संबंधच नव्हता.

शेजारच्या खाटेपाशी मुलांना श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्या पुढे आल्या. त्यांनी मुलीच्या छातीशी एक उशी दिली आणि आईच्या हातातले यंत्र घेऊन तिच्यापुढे धरले. "उशी घट्ट धर. दुखलं की तिला आवळ. आणि अगदी सावकाश ओढ, सरबत ओढतो तसं."

मुलीने नळी तोंडात धरली. पहिली गोळी हलली, निम्म्यावर गेली आणि खाली पडली. ताईंनी तेवढीच हवा मला दिली. अस्वलाची मान जराशी सुटली. पुढच्या खेपेला गोळी वरपर्यंत गेली. अस्वलाचा खांदा वर आला. त्याच्या पुढच्या खेपेला दुसरी गोळीही उठली आणि त्या बसक्या पोटात जीव येऊ लागला. तेवढ्यात मुलीला खोकला आला. ओला, खोल, अंग हलवून टाकणारा खोकला. ती उशी आवळून रडायला लागली. आईचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरू नका," मॅडम आईला म्हणाल्या. "हेच तर हवं होतं. साठलेलं बाहेर यायला लागलंय."

"नको मला," मुलगी हुंदके देत म्हणाली. "नको आता."

अस्वल माझ्या पोटात अर्धेमुर्धे फुगून बसले होते. ताईंनी अंगठा काढला नाही. एवढा वेळ दाबून धरल्याने तो गार पडला होता. आता मनात आले असते, तर त्यांनी झिप उघडून अस्वल सरळ बाहेर काढले असते. पलीकडची मुले हाका मारत होतीच.

"बसू दे थोडा वेळ," ताई म्हणाल्या. "तोही दमलाय. त्याची काही घाई नाही."

मुलीने डोळे पुसले. मग तिने आपणहून नळीकडे हात केला. त्याच वेळी वहिनी गुंडाळीचा दोरा हातात घेऊन आल्या, "अहो ताई, उघडा की पटक..." एवढे म्हणाल्या, समोर बघितले आणि गप्प झाल्या. वहिनी वाक्य अर्धे सोडून गप्प झाल्याचे मी त्या एकदाच पाहिले.

शेवटचा श्वास सगळ्यात मोठा होता. तिसरी गोळी वर टेकली नाही, पण जागेवरून उठली. अस्वलाचे पोट गोल झाले. आणि तेव्हा मुलीच्या आईने जो श्वास सोडला, तो मला टेबलावरून ऐकू आला. इतके दिवस ती बाईसुद्धा श्वास धरून बसली होती.

ताईंनी झिप उघडून अस्वलाला बाहेर काढले. धड ठीक होते. डोके मात्र एका बाजूने आत गेलेले. डावा गाल खळगा पडल्यासारखा, हाताने कितीही चोळला तरी वर येईना.

मुलीचा चेहरा उतरला. "मी नीट घेतला नाही का?"

मी आजवर ताईंना कुणापुढे मान खाली घालताना पाहिले नव्हते. त्या खाटेशेजारी टेकल्या. "नाही गं बाळा. तू अगदी छान घेतलास. चूक माझी आहे. याला जपून न्यायचं सोडून मी दाबून भरलं. मला वाटलं, येईल लगेच वर."

"आता नळी घालणार त्याला?"

"छे! नळी कशाला? नुसता वेळ द्यायचा. येईल त्याचं तो वर."

वहिनी अस्वलात शिरून तशा खळगा पडलेल्या डोक्यानिशी वॉर्डभर फिरल्या. कुशीवर झोपलो होतो हो, असे सगळ्या मुलांना खाणाखुणांनी सांगितले आणि मुले पोट धरून हसली. पण गोगलगायीचे डोळे त्या गालावरून हलेनात. निघायची वेळ झाली तेव्हा तिने विचारले, "मग वर आलेला गाल मला कसा दिसणार?"

"डोकं ठेवून जाते मी," ताई म्हणाल्या.

"कापडाची वस्तू वॉर्डात ठेवून जाता येणार नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. नियम तो नियम.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी अस्वलाचे डोके माझ्यात ठेवले, हवा न काढता झिप नीट लावली आणि मला सिस्टरांपुढे धरले. सिस्टरांनी मला उलटसुलट बघितले, पुन्हा एकदा पुसले आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. माझा सगळा जन्म हवा काढून घेण्यात गेलेला. आता प्रथमच मी पोटभर हवा घेऊन, कुणालाही न दाबता, उन्हात बसले होते. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे.

खाटेवरून गाल नीट दिसत नसे. पहिल्यांदा आईने तिला उचलून खिडकीशी आणले. मग ती आईचा हात धरून आली. मग खाटांच्या कडा धरत एकटीच आली. चालायला हवे म्हणून डॉक्टर सांगून थकले होते, पण ती चालली ती त्या गालासाठी. माझ्यासमोर उभी राहून ती मोठे मोठे श्वास घेई. तिच्या श्वासाने माझ्या अंगावर वाफ धरे, मग ती बोटाने पुसून आत बघे. ताप आला नाही. नळी घालावी लागली नाही. डॉक्टरांनी छाती तपासून मान डोलावली तेव्हा आईने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड झाकून घेतले.

ताई मध्ये एका दिवशीही येऊन गेल्या. कामाचा दिवस, मशीनवर एक कव्हर अर्धवट, आणि ताई बसने हजर. "डोकं कसं आहे ते बघायला आले," असे त्यांनी सिस्टरांना सांगितले. पण आल्या त्या सरळ खाटेकडे गेल्या. माझ्याकडे त्यांनी जाताना पाहिले.

मुलगी घरी निघाली त्या दिवशी गाल बराचसा वर आला होता. अगदी थोडा, अंगठ्याएवढा खळगा राहिला होता. या दोघी मला न्यायला आल्या होत्या. मुलीने माझ्यावर तळवा ठेवून आत निरखून बघितले.

"अजून जरासा राहिलाय," ती म्हणाली.

"येईल," ताई म्हणाल्या.

"त्याला घाई करू नका हं!" तिने बजावले आणि ती वळली. दारातून बाहेर पडल्यावर समोर लांबच लांब मोकळा व्हरांडा होता. आधी ती भराभर चालली आणि मग चक्क पळायला लागली.

"अगं हळू! पळू नकोस!" आई मागून ओरडली. मग ती तिथेच भिंतीला टेकून हसत राहिली आणि पदराने डोळे टिपत राहिली. वहिनी तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ताई माझी झिप उगाचच लावत आणि उघडत बसल्या होत्या.

त्यानंतर अस्वलाचे डोके माझ्यात कधी दबले नाही. धड मात्र मी अनेक वर्षे वाहिले. तापलेल्या डिकीतून नेले, गळणाऱ्या टपाखालून नेले, पण थेंबभर पाणी की धूळ त्याला लागू दिली नाही. पुढे पुढे तर ताई मला मुद्दामच वॉर्डात नेऊन उघडत. श्वासाला भिणारे एखादे मूल असले की मॅडम डोळ्याने खूण करत आणि ताई खिडकीबाहेर बघू लागत. अशा किती मुलांच्या श्वासाबरोबर मी श्वास घेतला, ते मी मोजले नाही.

मग माझी झिप सैल झाली. कोपऱ्याला बारीक भोक पडले. हवा काढावी आणि घटकाभरात मी पुन्हा फुगावे, असे होऊ लागले. नवी पिशवी आली. माझ्यासारखीला अशा वेळी लोक सहसा कचऱ्यात टाकतात, आणि त्यात त्यांचा फार दोष आहे असेही नाही. ताईंनी मला साबणाने धुतले, दोरीवर वाळवले आणि चिकटपट्टी लावून फोमच्या शीटशेजारी जागा दिली. मी त्यांना कधी धन्यवाद म्हणू शकले नाही. आज तुमच्यापाशी म्हणते.

मित्रांनो, प्रवासाला निघताना आम्हाला जरूर बरोबर घ्या. थोड्या जागेत पुष्कळ मावते, पाऊसपाणी आत शिरत नाही, आणि मळलेले कपडे वेगळे ठेवता येतात. पण आमच्यात ओले भरू नका. टोकदार काही भरू नका. पिसांची आणि लोकरीची वस्तू महिनोन् महिने दाबून ठेवू नका, तिचा फुगीरपणा जातो. निघण्याआधी बॅग एकदा काट्यावर ठेवून बघा. आणि मुक्कामाला पोचलात की चहापाणी, गप्पाटप्पा सगळे नंतर. आधी आमची झडप उघडा, आणि आत जे दबून आले आहे त्याला त्याच्या वेळेने वर येऊ द्या.